आजीच्या लुगड्यामागे: मुलुंड ते मागाठाणे, एका दिवसात

आमच्या घरात प्रवास म्हणजे एक तर गावची जत्रा, नाही तर कुलदेवतेचं दर्शन. या वेळी मात्र मी निघाले ते एका जुन्या लुगड्यासाठी, तेही मुंबईतल्या मुंबईत. "आई, याच्यावर लिहीच," असं लेक म्हणाली. हा ब्लॉगही तिनेच काढून दिलाय. म्हणून लिहिते. कुणाला मुलुंडहून बोरिवलीला जायचं असेल तर वाटही कळेल.

आधी झालं काय ते सांगते. माझी लेक सई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, सातवा सरला होता. आमच्याकडे बाळाला पहिले काही दिवस नवं कापड लावत नाहीत. जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं, घरातल्या एखाद्या तृप्त म्हाताऱ्या माणसाचं कापड घेऊन त्याची दुपटी शिवायची. सईला तिच्या आजीने, म्हणजे माझ्या सासूबाईंनी वाढवलेलं. ती येतानाच म्हणाली, "आजीच्या जांभळ्या लुगड्याचीच दुपटी हवीत, दुसरं काही नको."

ते लुगडं मी सात वर्षं माळ्यावर जपलं होतं. स्टूल घेऊन चढले, गाठोडं काढलं, सोडलं, तर आत यजमानांचे विटके शर्ट!

तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला. एक चादर मधोमध फाटली होती. कडा चांगल्या होत्या, म्हणून मी तिच्या दोन उशांचे अभ्रे शिवले. एकात लुगडं बांधलं, दुसऱ्यात जुने कपडे. दोन्हीवर तीच गुलाबी फुलं! महिन्यापूर्वी मणीबेन आली होती. मणीबेन म्हणजे आमची बोहारीण. जुने कपडे घेते नि स्टीलची भांडी देते. मला तिच्या टोपलीतला कडीचा मोठा डबा हवा होता, ती छोट्यावर अडून बसली होती. तासभर घासाघीस चालली. शेवटी मी माळ्यावरून हाताला आलं ते गाठोडं ओढलं आणि न उघडता तिच्यापुढे टाकलं, "घे हे वर, आणि दे तो डबा!" केवढी खूश झाले होते मी त्या दिवशी.

सासूबाईंच्या हिशेबात लुगड्याला सहा जन्म असत. आधी सणाचं, मग रोजचं, मग गोधडीचं अस्तर, मग बाळाची दुपटी, मग पुसायचं फडकं. त्यातलाही एक स्वच्छ तुकडा त्या बाजूला ठेवत आणि कार्तिकात त्याचा काकडा वळत. "देवापुढे जळलं की सुटलं," म्हणायच्या. मुलुंडला येण्याआधी घाटकोपरच्या चाळीत आमच्या बारा बाय दहाच्या खोलीत टाकाऊ असं काही नव्हतंच. तेलाच्या डब्यात तुळस, करवंटीचा डाव, कॅलेंडरच्या पानांची पुस्तकांना कव्हरं. दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत असायच्या, त्या विणून केलेली चटई सईच्या अभ्यासाला. अशा बाईचं लुगडं मी एका डब्यावर घालवलं.

मणीबेनचा मोबाईल बंद. या महिन्यात ती फिरकलीही नाही. एवढंच ठाऊक होतं, की ती बोरिवलीला मागाठाण्याच्या बाजूला, हनुमानाच्या देवळामागे राहते. सईला काही सांगितलं नाही. सोमवारी देवाला नमस्कार केला आणि निघाले. तो डबाही घेतला, परत करायला. पण रिकामा डबा कुणाच्या घरी नेत नाहीत, म्हणून आदल्या दिवशी बेसनाचे लाडू वळून त्यात भरले. माझा सोमवारचा उपास. दिवसभर मांडीवर लाडू आणि तोंडात राजगिऱ्याची वडी!

पहिला मुक्काम घाटकोपर, कारण तिथे शालूवन्सं राहतात. माझ्या नणंद. दुपटी त्याच शिवणार होत्या आणि लुगडं त्यांच्या आईचं, तेव्हा कबुली तिथेच द्यायची होती. मुलुंडहून एल.बी.एस. रोडने बस मिळते. मेट्रोच्या कामाने रस्ता अर्धा झालाय, म्हणून पाऊण तास धरून ठेवा. सकाळी नऊच्या आत निघालात तर बसायला जागा.

वन्सं घावणे घालत होत्या. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. त्यांनी गॅस बंद केला.

"आयेचा लुगडा दिलंस? एका डब्यासाठी?"

"चुकून हो, वन्सं."

"गाठोडा उघडून बघूक नको?"

मला रडूच आलं. त्या पिशवी घेऊन उभ्या राहिल्या. "आता रडान काय होतला? चल, चपला घाल."

घाटकोपरहून मेट्रो. तिकीट तीसच्या आसपास, पण थंडगार आणि वेळेवर. वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे स्टेशनला उतरायचं, तिथून पुलावरूनच गुंदवलीला चालत जायचं आणि दुसरी मेट्रो धरायची. खाली उतरू नका, उगाच जिने पडतात. आम्ही उतरलो आणि पस्तावलो. "वाचायक येता मा तुका?" वन्सं भर स्टेशनात म्हणाल्या. पाटी मीच वाचली होती, म्हणून पुढे होऊन जिना चढायला लागले.

गाडीत समोरच्या कॉलेजच्या मुलीचं लक्ष माझ्या पिशवीकडे. "काकू, कसली झकास आहे! कुठून घेतली?"

"छत्रीची आहे. काड्या मोडल्या, कापड चांगलं होतं."

"तुम्ही शिवली? मला शिकवा ना!"

"हिच्याकडून शीक," वन्सं शुद्ध मराठीत म्हणाल्या, "पण हिला गाठोडं सांभाळायला देऊ नको."

मागाठाण्याला उतरून उसाचा रस प्यायलो (बिनबर्फाचा मागा, भरपूर येतो) आणि देऊळ विचारत गेलो. मागे पत्र्याच्या घरांची ओळ. मणीबेनचं घर ओळखायला पाटी नको होती. ओट्यावर कपड्यांचे ढीग. तिची धाकटी जाऊ शर्टांची बटणं कापून बरणीत टाकत होती. एका ढिगात जीन्स, एकात चेनी, एकात पांढरं सुती. "हे सुती गॅरेजला जातं, पुसायला," ती म्हणाली. तिच्या हातात कात्री होती. जांभळं काही दिसतंय का म्हणून मी तो ढीग डोळ्यांनीच उपसत होते.

तेवढ्यात मणीबेन बाहेर आली. "अरे, मुलुंडवाली ताई! आत या, आत या. मोबाईल पाण्यात पडला माझा."

आत शिरले आणि लुगडं दिसलं.

वाशाला झोळी बांधली होती. जांभळी, लाल काठाची. काठाला पदराजवळ सासूबाईंनी पांढऱ्या दोऱ्याने केलेलं रफू मला दारातूनच ओळखू आलं. झोळीत पंधरा दिवसांची मुलगी झोपली होती, मणीबेनची नात. खाली चटईवर तिची लेक, बाळंतीण, एका हाताने दोरी ओढत.

"तुमच्या गाठोड्यात निघालं," मणीबेन म्हणाली. "सगळ्या मालात इतकं मऊ नव्हतं. आमच्यात पण छोट्याला जुनंच लागतं ना. विकलं नाही, ठेवून घेतलं."

मी सांगितलं, ते चुकून आलंय, सासूबाईंचं आहे, माझ्या लेकीला आठवा लागलाय. डबा पुढे केला. मणीबेनने डब्याला हात लावला नाही. उठली आणि झोळीची गाठ सोडायला लागली. बाळंतिणीने दोरी सोडली, मान खाली घातली.

खरं सांगते, माझे हात पुढे झाले होते. लुगडं माझ्या घरचं होतं, चूक तेवढी माझी होती, आणि घरी सई वाट पाहत होती.

वन्संनी माझा दंड धरला. "पोर झोपलाहा. उठवू नको." मग मणीबेनला म्हणाल्या, "राहू दे. बांध गाठ."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. सकाळी ओरडल्या त्या याच. त्या झोळीच्या काठावरून हात फिरवत होत्या, त्या रफूवरून. "आयेन बघल्यान असता तर हसली असती गो. बाळाकच गेला ना?"

मणीबेनने गाठ पुन्हा आवळली. म्हणाली, "ताई, तुमच्याकडे होईल तोवर ही मोठी होते. तिला माझ्या साडीची झोळी बांधीन. हे धुऊन मी घेऊन येईन. माझा शब्द."

डबा मी तिथेच ठेवला. वन्संनी झाकण उघडून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "बाळंतणीक बेसन? पोट फुगात तिचा!" बाळंतीण पहिल्यांदा हसली. लाडू जावेच्या मुलांनी संपवले. पुढच्या आठवड्यात मी पुन्हा जाऊन अळिवाचे देऊन आले, एकटी, आणि या खेपेला पुलावरून.

त्या दिवशी घरी आले तेव्हा दिवेलागण होत होती. देवापुढे दिवा लावला आणि सईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आणि नाही आली ती तर?" रोज दुपारी जिन्यात भांड्यांचा आवाज झाला की मी दार उघडून बघायची. वन्संनी मात्र गुपचूप आपल्या एका जुन्या साडीची दोन दुपटी शिवून ठेवली.

सईला मुलगा झाला. आठव्या दिवशी दारात हाक आली, "ताई, भांडीवाली!" मणीबेनच्या डोक्यावर टोपली, टोपलीत तोच कडीचा डबा. रिकामा डबा तिच्याकडेही परत करत नाहीत. उघडला, तर साबणाच्या वासाचं, घडी घातलेलं जांभळं लुगडं. बदल्यात तिने काही घेतलं नाही. चहा घेतला, बाळाच्या हातात रुपया ठेवला.

संध्याकाळी वन्सं कात्री घेऊन बसल्या. काठ बाजूला काढला, दुपट्याचे चौकोन आखले. एका चौकोनात, अगदी मधोमध, बोटाएवढा काळा डाग. झोळीतल्या पोरीच्या गालावरची काजळाची तीट, धुऊनही न गेलेली. सई म्हणाली, "आत्या, तेवढा कापून टाकूया?"

वन्संनी डाग उजेडाकडे धरून पाहिला. सुईत दोरा ओवला.

"ऱ्हवांदे तसोच. दृष्टीक आयतोच झालो."