चौदा नंबरचे मावळे

रागावली की पद्मिनी आगाशे घासलेली भांडी पुन्हा घासते. ऑक्टोबरच्या सोळा तारखेला तिनं एकच कढई तीनदा घासली, तेव्हा तिच्या नवऱ्यानं, मुरलीधरनं, ओळखलं की आज काहीतरी भयंकर बिनसलंय. तो गुपचूप बागेत जाऊन सुकलेली पानं गोळा करायला लागला. तेवीस वर्षांच्या संसारात माणूस एवढं तरी शिकतोच.

झालं होतं ते असं. मलिंगार ह्या आयरिश गावाच्या कडेला, एकासारखं दुसरं अशा बत्तीस घरांच्या वसाहतीत हे दोघं चौदा नंबरात राहतात. तिथल्या रहिवाशांच्या समितीवर रविकांत टिळेकर हा एकुलता एक मराठी माणूस. त्याचा फोन आला होता.

"पद्मिनीताई, राग मानू नका हं. पण यंदा हॅलोवीनला तुम्ही बाहेरचा दिवा बंदच ठेवा."

बाहेरचा दिवा बंद म्हणजे काय, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. एकतीस तारखेला संध्याकाळी भुताखेतांची सोंगं काढून पोरं पिशव्या घेऊन दारोदार फिरतात. ज्या दारात दिवा लागलेला, तिथली बेल वाजवायची आणि खाऊ मागायचा. ज्या दारात अंधार, तिकडे फिरकायचं नाही.

"गेल्या वर्षी झालं त्यावरून लोक अजून बोलतात," रविकांत म्हणाला. "सोळा नंबरच्या ग्रॉन्याबाईंचंही तेच म्हणणं आहे. शेवटी आपण इथे पाहुणे. आपल्या लोकांचं नाव खराब व्हायला नको."

"अकरा वर्षं कुणी पाहुणा राहतो का हो, टिळेकर?" पद्मिनी म्हणाली. रविकांतचा 'टिळेकर' झाला की समजावं, आता धडगत नाही. "त्याला आपल्यात घरजावई म्हणतात! आणि त्या चिवड्याच्या चार पुड्या तुम्ही स्वतः उभ्या उभ्या फस्त केल्यात. पाचवी खिशात घातलीत. तेव्हा नव्हतं वाटतं नाव खराब होत?"

"तसं नाही हो ताई..."

"मग कसं?" असं म्हणून तिनं फोन ठेवला आणि कढई उचलली.

तिचा राग आजचा नाही. पुण्यात एका शाळेत ती एकोणीस वर्षं हस्तकला शिकवायची. चिकटपट्टी वाया घालवणाऱ्याची तिथं खैर नसे, पण दिवाळीच्या सुट्टीआधी तीच बाई साठ-साठ पोरांकडून किल्ल्यावरचे मातीचे मावळे करून घ्यायची आणि ज्याचा मोडेल त्याला आपला द्यायची. मुरलीधरला इथल्या एका प्रयोगशाळेत नोकरी लागली आणि ती त्याच्या मागे आली. इथे तिच्या हातांना कामच उरलं नाही. मग शनिवारच्या बाजारात चकल्या नि चिवडा विकायला लागली. बोलायला लागली की समोरचा आयरिश माणूस दोन पावलं मागे सरकायचा, पण पुढच्या शनिवारी पुन्हा यायचा.

गेल्या वर्षी हॅलोवीन नेमकं ऐन दिवाळीत आलं. पद्मिनीच्या डोक्यात एक चांगला विचार आला, आणि सगळा घोळ तिथेच झाला. गोळ्या-चॉकलेटं खाऊन पोरांच्या दातांची वाट लागते, तर आपण घरचा, पौष्टिक खाऊ का देऊ नये? तिनं पोह्यांचा चिवडा केला, खमंग तळलेले शेंगदाणे घातले, चांगले सढळ हातानं, आणि पुड्यांना काळ्या फिती बांधल्या. आपल्याकडे दाण्यावाचून पान हलत नाही. खिचडीत कूट, कोशिंबिरीत कूट, भाजी बेचव झाली की तिच्यात कूट. दाणा कुणाच्या जिवावर उठू शकतो, असं तिला एकावन्न वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, आणि विचारावं असं तिला कधी वाटलं नव्हतं.

सोळा नंबरात महिन्यापूर्वीच राहायला आलेली सात वर्षांची ओर्ला चेटकिणीच्या टोपीत आली. तिनं पुडी तिथेच फोडली आणि एक घास तोंडात टाकला. फाटकापर्यंत पोचेस्तोवर तिचे ओठ सुजले, डोळे मिटले, श्वास घेताना छातीतून शिट्टी वाजायला लागली. तिची आई ग्रॉन्या धावत आली, तिनं पोरीला मांडीवर आडवं घेतलं आणि तिच्या मांडीत इंजेक्शन खुपसलं. मग ॲम्ब्युलन्स आली. पोर वाचली.

इथवर म्हणाल तर चूक अजाणतेपणी झाली. पुढची नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पद्मिनी सोळा नंबरच्या दारात गेली. रात्रभर डोळा लागला नव्हता, घाबरलेली होती, आणि घाबरली की तिची जीभ भलतीकडेच वळते. ती म्हणाली, "दाण्यानं कधी कुणाला काही होतं का? आमची पोरं तर दाणे खाऊनच मोठी होतात!" आणि हसली. अहो, चक्क हसली! ग्रॉन्यानं दार लावून घेतलं.

त्या हसण्याची पद्मिनीला इतकी लाज वाटली की वर्षभर ती दुसऱ्यांवरच रागावत राहिली. पोरीला एकटीला सोडलंच कसं म्हणून ग्रॉन्यावर, 'घरगुती खाऊ तपासून घ्या' असा नाव न घेता संदेश टाकणाऱ्या समितीवर, बाजारात चिवड्याकडे बघून पुढे जाणाऱ्या बायकांवर. चिवडा विकणं तर तिनं बंदच केलं. माफी मागायला जायचं मात्र रोज उद्यावर पडलं.

आणि आता हा टिळेकर म्हणतो, दिवा बंद ठेवा!

कढई स्वच्छ झाल्यावर तिनं फळीवरची दाण्याच्या कुटाची बरणी काढली आणि कचऱ्यात उपडी केली. मग कच्चे दाणे, मग चिक्की, मग सासूबाईंनी पाठवलेली शेंगदाण्याची चटणी. मिक्सर उकळत्या पाण्यानं धुतला. ओटा पुसला, फडकं फेकून दिलं.

दुसऱ्या दिवशी नेमकी एकादशी. मुरलीधरनं खिचडीचा घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "अगं, ह्यात कूट नाही. नुसता साबुदाणा गिळायचा का?"

"कूट खाल्लं नाही म्हणून तुमचा प्राण जाणार नाही," पद्मिनी कडाडली. "तिनं खाल्लं तर तिचा जाईल!"

मुरलीधरनं मुकाट्यानं पुन्हा वाढून घेतलं. त्या दिवाळीत त्यांच्या घरी चिवडाही डाळं-खोबऱ्यावरच झाला.

यंदा पोरांना खाऊऐवजी मावळे द्यायचे, पण शाडू इथे कुठली मिळायला? तिनं न भाजता वाळणारी माती मागवली, वेष्टनावरचं बारीक अक्षर भिंगातून वाचलं आणि मावळे करायला बसली. भालेवाले, ढालवाले, तुतारीवाले. आधी हात धुवायचे, मग मातीला लावायचे. रोज पाच, कधी सहा. प्रत्येक मावळ्याच्या मिशा काढताना ती टिळेकराला मनातल्या मनात चार शब्द सुनवायची, त्यामुळे मिशा भलत्याच झोकदार झाल्या. तीस तारखेला साठ मावळे जेवणाच्या टेबलावर उभे होते आणि नवराबायको मांडीवर ताट घेऊन सोफ्यावर जेवत होती.

पण मावळे घ्यायला ती यायला हवी ना? साठातले एकोणसाठ गेले आणि ओर्ला चौदा नंबर टाळून पुढे गेली, तर ह्या सगळ्याला काय अर्थ होता? एकतीस तारखेला दुपारी तीन वाजता पद्मिनीनं चपला घातल्या. जाब विचारायचा असं ठरवूनच ती सोळा नंबरची बेल वाजवायला गेली.

"माझा दिवा बंद ठेवायला तू सांगितलंस?" दार उघडल्या उघडल्या तिनं विचारलं.

ग्रॉन्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "मी? कुणी सांगितलं तुला?"

"रविकांतनं."

"त्या माणसाशी मी वर्षभरात एक शब्द बोललेली नाही."

खोटारडा! पद्मिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तिथूनच त्याच्या घराकडे वळणार होती, पण ग्रॉन्या बोलायची थांबली नव्हती.

"मला दाण्यांचा राग नव्हता आला. तुला माहीत नव्हतं. मीही तिला एकटीला तुझ्या दारापर्यंत सोडायला नको होतं. पण ॲम्ब्युलन्स येईपर्यंत अकरा मिनिटं माझी पोर माझ्या हातात निळी पडत होती. आणि सकाळी तू येऊन हसलीस." तिचा आवाज चढला. "हसलीस तू!"

एकोणीस वर्षं शाळा दणाणून सोडणाऱ्या पद्मिनीनं मान खाली घातली. सासूशी, मुख्याध्यापिकेशी, व्हिसाच्या खिडकीतल्या माणसाशी भांडताना ती मान कधी खाली गेली नव्हती.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "मी घाबरले होते, म्हणून हसले. पण हसले. तेव्हाच यायला हवं होतं मी."

ग्रॉन्या आत गेली. आता ही पुन्हा दार लावणार, असं पद्मिनीला वाटलं. पण ती परत आली ती हातात पेनाएवढी जाड नळी घेऊन.

"ही इंजेक्शनच्या सरावाची. ह्यात सुई नाही. ओर्ला तुझ्या दारात येणार असेल, तर तुला हे आलंच पाहिजे. धर."

पद्मिनीनं धरली.

"अंगठा टोकावर नको! खरी उलटी धरलीस तर सुई तुझ्याच अंगठ्यात जाईल. मूठ कर. मांडीच्या बाहेरच्या बाजूला. जोरात. आता दाबून ठेव आणि दहा मोज."

पद्मिनीनं मराठीत दहा मोजले. पहिल्यांदा सातालाच हात उचलला, तर ग्रॉन्या शिक्षिकेसारखी खेकसली. तिनं पुन्हा केलं, मग आणखी एकदा. चौथ्या वेळी ग्रॉन्या म्हणाली, "ग्रँड, जमलं. घेऊन जा ती, घरी सराव कर. खरं इंजेक्शनचं पेन ओर्लाच्या पाठीवरच्या पिशवीत असतं, लाल कप्प्यात."

साडेपाचला पद्मिनीनं बाहेरचा दिवा लावला. शंभर वॉटचा असता तर तोही लावला असता. पोरं आली, मावळे बघून हरखली, कुणाला भालेवाला हवा, कुणाला तुतारीवाला. सहाच्या सुमाराला आपल्या मुलीला घेऊन टिळेकरही आला. पोरीला एकटीला पाठवता येत नव्हतं आणि तिला मावळा हवाच होता, बिचारा करणार काय! दिव्याकडे बघून तो कसनुसा हसला.

पद्मिनीनं पोरीला झोकदार मिशांचा मावळा दिला आणि टिळेकरापुढे ती सरावाची नळी धरली.

"हे काय, ताई?"

"ग्रॉन्या तुमच्याशी वर्षभरात एक शब्द बोललेली नाही म्हणाली. ते राहू द्या. वर्षभर आपल्या नावाची काळजी वाहिलीत ना? ती पोर तुमच्या दारात पडली असती तर काय केलं असतंत तुम्ही? समितीची बैठक बोलावली असतीत?"

"ताई, लोक बघतायत..."

"बघू देत. मूठ करा. अंगठा वर नको. मांडीवर दाबा. मोजा."

टिळेकरानं दारात उभं राहून, स्वतःच्या लेकीसमोर आणि मागे ताटकळलेल्या तीन भुतांसमोर, दहापर्यंत मोजलं. पद्मिनीनं त्याच्याकडून ते दोनदा करून घेतलं, आणि उद्या बायकोला घेऊन यायला बजावलं. मग त्याची पाठ वळली.

त्या तीन भुतांमागे एक छोटी कोल्हीण उभी होती. पाठीवर पिशवी, आणि पिशवीला लाल कप्पा. ग्रॉन्या फाटकापाशीच थांबली होती, हात कोटाच्या खिशात घालून. ती पुढे आली नाही.

ओर्लानं ट्रेमधल्या मावळ्यांकडे पाहिलं, पण हात लावला नाही. प्रत्येक दारात विचारायचा तो प्रश्न तिनं विचारला, "ह्यात दाणे आहेत का?"

पद्मिनी हसली नाही. ती तिच्यासमोर गुडघे टेकून बसली. "नाहीत," ती म्हणाली. "ही माती आहे, आणि रंग. वेष्टन मी दोनदा वाचलं. पंधरा दिवस झाले, माझ्या घरात दाणा नाही. हात धुऊन केलेत. आणि तुला काही झालंच, तर काय करायचं ते मला येतं."

ओर्लानं मान वळवून फाटकाकडे पाहिलं. ग्रॉन्यानं मान हलवली. मग तिनं ढालवाला मावळा उचलला आणि पिशवीच्या लाल कप्प्यात, पेनाशेजारी ठेवला.