गळ्यात काही सापडणार नाही

बाळांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, आजोबांना निरोप देताना त्यांच्या हातात काय ठेवलं होतं. मी विषय बदलला. त्याचं उत्तर द्यायचं तर माझ्याबद्दलही सांगावं लागतं, आणि ते फोनवर जमत नाही. पण सांगायला हवं. माझी वेळ येईल तेव्हा तुम्ही विमानाने पोहोचेपर्यंत इथले नातेवाईक जमलेले असतील. ते माझ्या गळ्यात लिंग शोधतील आणि त्यांना ते मिळणार नाही. त्या घाईत तुम्हाला कुणी काहीबाही सांगण्याआधी माझ्याकडून ऐका.

आपल्या लिंगायतांत लहानपणीच प्रत्येकाला इष्टलिंग देतात. ते कापडात गुंडाळून, दोऱ्यात बांधून गळ्यात घालायचं. रोज आंघोळ झाली की डाव्या तळहातावर घेऊन त्याची पूजा करायची. पूजेआधी पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही. माणूस गेला की त्याला बसलेला ठेवून पुरतात आणि त्याचं लिंग त्याच्या तळहातावर ठेवतात. आजोबांच्या हातात तेच होतं.

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा आजोबांची नांदेडहून तिथल्या कचेरीत बदली झाली. त्यात पुढे दुष्काळ पडला आणि त्यांना टँकरच्या कामावर घातलं. आठवडेच्या आठवडे ते खेड्यांतून फिरत. मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायची आणि भाड्याच्या एका खोलीत राहायची. तुमचे बाबा अजून जन्मायचे होते. त्या गावात माझ्या ओळखीचं असं कुणी नव्हतं. संध्याकाळी वह्या तपासून झाल्या की बोलायला घरमालकीणबाई, नाहीतर भिंत. म्हणून मी दिवसाचं वेळापत्रक घट्ट धरून ठेवलं होतं, आणि त्यात सगळ्यात घट्ट पूजा.

घरामागे एक अरुंद आड होता. पाणी इतकं खाली गेलं होतं की पोहरा भरायला काठावरून पार ओणवं व्हावं लागे. एका सकाळी तशीच ओणवी असताना गळ्यातला जुना दोरा तुटला. तो दोरा माझ्या आईने वळलेला होता. खाली काही पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही, कारण तळाशी पाण्यापेक्षा गाळच जास्त होता.

लिंग हरवलं तर ते मिळेपर्यंत अन्नपाणी घ्यायचं नाही, असं मी लहानपणापासून ऐकत आले होते. नाहीच मिळालं तर जुनी माणसं जीव द्यायची, असंही सांगत. मी एम. ए. झालेली बाई, हे खरं मानतेस का असं कुणी विचारलं असतं तर हसले असते. पण पाण्याचा तांब्या तोंडाशी नेला आणि हात थांबला. तशीच शाळेत गेले. त्या उन्हात चार तास शिकवलं. जीभ टाळ्याला चिकटत होती.

मालकीणबाईंनी आडात उतरणारा माणूस शोधला, पण दुष्काळात असे सगळे विहिरींच्या कामावर गेलेले. मग त्यांनी गल्लीतल्या, लिंगदीक्षा देणाऱ्या जंगमस्वामींना बोलावलं. ते म्हणाले, एवढं काही बिघडलेलं नाही, नवं लिंग बांधू, फक्त यजमान आल्यावर. मला नवं नको होतं. मला माझंच हवं होतं, आईच्या दोऱ्यातलं. मालकीणबाई वैतागल्या. "मास्तरीणबाई, उद्या जीव गेला तर दोरा कुठं बांधताव?" असं म्हणून त्यांनी मला न विचारता मुखेडच्या गाडीच्या कंडक्टरजवळ तिथे राहणाऱ्या माझ्या सासूबाईंसाठी निरोप दिला.

ते कळल्यावर मात्र मला खरी भीती वाटली. माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायची, फार कडक. तापाने फणफणल्या तरी पूजेआधी औषधाचा थेंब घ्यायच्या नाहीत. त्या येऊन काय बोलतील याची वाक्यं मी रात्रभर मनात तयार केली.

त्या दुसऱ्या दिवशी आल्या. पहाटेची गाडी, पदर धुळीने भरलेला. बाजेवर टेकल्या आणि म्हणाल्या, "तांब्या आण." पाय धुवायला हवा असेल म्हणून मी आणला.

"गावात टँकर आला न्हाई," त्या म्हणाल्या. "आंघोळ न्हाई, पूजा न्हाई." आणि माझ्याकडे बघत त्यांनी तांब्या तोंडाला लावला. अर्धा प्यायल्या. उरलेला माझ्यापुढे धरला. "झालं. आता मी बी तुझ्यासारखीच. पी."

मी प्यायले.

संध्याकाळी पाणी मिळालं तेव्हा त्यांनी आंघोळ केली, पूजेला बसल्या. मी उठून जायला निघाले तर म्हणाल्या, "बस. हात मोकळा हाय तर मोकळा धर." मी हात उघडा धरून बसले. दुसऱ्या दिवशी त्यांना गाडीवर पोहोचवताना मी विचारलं, "आत्याबाई, आता माझं काय?"

"मला काय ठावं? माझं तर कधी हरवलंच न्हाई." गाडीत चढता चढता त्या म्हणाल्या, "तुझं तू बघ."

यावर मी पुष्कळ वर्षं रागावले होते. आता वाटतं, याहून खरं उत्तर मला कुणी दिलं नाही.

पुढे आडातला गाळ काढला. एक पळी निघाली, फुटका पोहरा निघाला. लिंग निघालं नाही. तोवर मी रोज मोकळा हात धरून बसत होते. आजोबा नवं घे म्हणायचे. मी उद्या म्हणायची, आणि एक दिवस त्यांनी विचारणं सोडलं. सोडून दिलं असं मी काहीच केलं नाही. धरून ठेवणं कमी होत गेलं. त्याची किंमत होती. लग्नकार्यात बायका ओळीने पूजेला बसत तेव्हा मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत असे. इंग्रजी शिकल्याचा परिणाम, असं एक चुलतसासू मला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाली. माझ्यासारखी दुसरी कुणी मला भेटली नाही. आजोबांनाही हे मी कधी नीट समजावू शकले नाही.

तेव्हा माझ्या वेळी बाजारातून नवं आणून हातात ठेवू नका. पण कुणी म्हाताऱ्याने फारच धरलं तर ठेवू द्या. भांडू नका. रिकाम्या हाताचाही हट्ट नको.

इथे नांदेडला मी एकटी आहे. आत्याबाई नाहीत, आजोबा नाहीत, तो आड बुजवून तिथे दुकानं झालीत असं ऐकते. आंघोळ झाल्यावर थोडा वेळ मी अजून बसते. तेवढं राहिलं आहे.