खालांचं जहाज

‘टेकते जरा,’ म्हणत खाला आमच्या पायरीवर टेकायच्या. टेकायच्याच, बसायच्या नाहीत. एक गुडघा उभा, पदर खोचलेला, कान स्वतःच्या घराकडे. गाडी सुटायच्या बेतात असताना माणसं बसस्टँडवर कशी बसतात, ते तुम्ही पाहिलं असेल. खाला जन्मभर तशा बसल्या होत्या.

शहागंजात त्यांचं आणि आमचं घर भिंतीला भिंत लागून. मी शाळेत शिकवायचे म्हणून त्या मला बाई म्हणत. त्यांच्या यजमानांचं, म्हणजे खालूंचं, दोरखंड आणि बादल्यांचं दुकान होतं. घरात मुलं, सुना, शिवाय आल्यागेल्यांचा राबता. खाला चुलीपुढून हटल्या तर घर बंद पडेल अशी सगळ्यांची खात्री होती, खालांचीसुद्धा.

मग दोघांचा हजचा नंबर लागला. तेव्हा मुंबईहून जिद्दाला जहाज जायचं. खालूंनी दुकानात बसून अख्ख्या गल्लीला समुद्र समजावून सांगायला सुरुवात केली. जहाज डोलायला लागलं की नजर कुठं ठेवायची, पोटात काय असावं, बायकांनी धीर कसा धरावा. खालांनी पैठणच्या धरणापेक्षा मोठं पाणी पाहिलेलं नव्हतं. त्या ऐकायच्या आणि बरणीत लिंबाचं लोणचं भरायच्या. आम्ही स्टेशनवर पोचवायला गेलो तेव्हा खालू मला म्हणाले, ‘हिची फिकर करू नका बाई. मी हाय ना.’

मुंबईचा किनारा दिसेनासा व्हायच्या आत खालू आडवे झाले. जिद्दा येईस्तोवर, आणि परतीच्या वाटेवरही, खाली बंकवर पडून होते आणि अजून किती राहिलं, एवढंच विचारत होते. खाला त्यांना लोणच्याची फोड चाटवायच्या आणि वर डेकवर यायच्या.

वर त्यांना काम सापडेना. पहिल्याच दिवशी त्यांनी जहाजाचा भटारखाना हुडकला आणि कांदे चिरायला सुरी मागितली. खानसाम्यानं अदबीनं परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा हजर. तेव्हा त्यानं हात जोडले. ‘अम्मा, आप बैठो. हम लाते.’

‘बाई,’ खाला मला पुढं म्हणाल्या, ‘लगीन झाल्यापासून मला बस म्हणणारा तो पयला माणूस.’

आणि त्या बसल्या. पाठ टेकून, पाय लांब करून. गरम जेवण समोर आलं. पहिला घास चोरी केल्यासारखा वाटला म्हणे, दुसरा नाही वाटला. नंतर तर त्या दिवसभर वरच असायच्या. मालेगावच्या बायकांशी गट्टी जमली. पांढऱ्या कपड्यातल्या एका साहेबाला अडवून त्यांनी विचारलं, की रातच्याला जहाज कोण हाकतं? पाळी असते, असं त्यानं सांगितल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. तरी निजताना दूध पीत जा, असं त्याला बजावलंच. एकदा समुद्र खवळला, बाकीच्या सगळ्या खाली पळाल्या. खाला खुर्चीचे हात धरून बसून राहिल्या. झुल्यावर बसल्यागत लई मजा आली, म्हणाल्या.

परत आल्यावर खजूर आणि झमझमचं पाणी घ्यायला गल्ली लोटली. मक्केचं सगळं खालूच सांगायचे. कुणीतरी खालांना विचारलं, तुम्हाला कसं वाटलं? त्यांनी नजर खाली केली. ‘तिथलं ते माझं अन् अल्लाचं. जहाजाचं विचारा.’

खरी पंचाईत त्यानंतर झाली. तिसऱ्या प्रहरची, अस्रची नमाज आटोपली की खाला खुर्ची घेऊन गच्चीवर जाऊन बसायला लागल्या. दिवस मावळेपर्यंत खाली येत नसत. सुनांच्या हातचा चहा खालूंच्या घशाखाली उतरेना. त्यांनी बायकोशी अबोला धरला आणि माझ्या तोंडून निरोप पाठवायला लागले. घर आहे हे, जहाज नाही, असं सांगा तिला. मी आमच्या गच्चीवरून सांगितलं. खालांनी विचार करून उत्तर दिलं, ‘म्हणावं, वर या. हितं मळमळत नाय.’

खालू बरेच दिवस फुरंगटून राहिले. एका संध्याकाळी मात्र स्वतःच दोन कप घेऊन जिना चढले. निम्मा चहा बशीत सांडला होता. त्या दिवसापासून तेही वर बसू लागले. वाळलेले कपडे काढताना मला खालांचं सांगणं ऐकू यायचं आणि मधूनमधून खालूंचं ‘अच्छा?’

पुढं जहाजं बंद झाली. मोठ्या मुलानं दोघांना विमानानं पुन्हा मक्केला, उमऱ्याला पाठवायचं काढलं. किती वेळ लागतो, खालांनी विचारलं. चार-पाच तास, तो कौतुकानं म्हणाला. खालांचा चेहरा पडला. एवढ्या घाईत कशाला न्यायचं माणसाला, म्हणाल्या. गेल्या नाहीत.

त्यानंतर काही वर्षांनी खाला वारल्या. थोड्याशा तापाचं निमित्त झालं. मी भेटायला गेले तेव्हा खालू अंगणात खाटेवर बसले होते, भोवती परगावचे सोयरे होते. मला वाटलं, खालांच्या आजारपणाचं चाललं असेल. खालू समुद्राचं सांगत होते. दुपारी पाणी हिरवं असतं, सांजेला जांभळं होतं. मासे पाण्यातून उठून चिमण्यांसारखे उडत जातात. सकाळी डेकवर आपण उभं राहावं, तर चारी बाजूंना कुठंच काही नसतं आणि तरी भीती वाटत नाही. सगळं आपण डोळ्यांनी पाहिलंय, असं ते सांगत होते.

बोलता बोलता त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं. ते थांबले.

‘व्हय का नाय, बाई?’

‘व्हय,’ मी म्हणाले.