हेल्याच्या पोटातलं शिसं

माझी शेवटची पोस्टिंग खडकीला होती. सैन्यातही पाणबुडे असतात हे ऐकून पुण्यातली माणसं अजून विचारतात, ‘ते नेव्हीत ना?’ नेव्हीतही असतात. पण नदीवर पूल टाकण्याआधी पाण्याखाली काय आहे ते बघून यायचं काम सैन्यातल्या इंजिनिअर लोकांचं. पूर आला की बोलावणंही आम्हालाच यायचं. मी तेव्हा नायब सुभेदार होतो आणि डायव्हिंग टीम माझ्याकडे होती.

टीमकडे एक अंडरवॉटर स्कूटर होती. रस्त्यावरच्या स्कूटरशी तिचा काही संबंध नाही. ॲल्युमिनियमचं लांबट नळकांडं, मागे पंखा, दोन मुठी, पोटात मोटर आणि जुन्या पद्धतीच्या लेड-ॲसिड बॅटऱ्या. मुठी धरून बटण दाबलं की ती डायव्हरला पाण्याखालून ओढत नेते. जमिनीवर उचलायला दोन जवान लागायचे आणि पाण्यात ती एका बोटाने वळायची. आमचा नाईक मोरेश्वर मेश्राम तिला हेला म्हणायचा. त्याच्या भंडाऱ्याकडे रेड्याला हेला म्हणतात. ‘रस्त्यावर आडमुठा, पाण्यात गेला का शाना,’ असं त्याचं मत होतं. हळूहळू सगळी टीम, आणि शेवटी कॅप्टनसाहेबसुद्धा, हेलाच म्हणायला लागले.

मेश्रामचं घर ढिवरांचं. बाप गावच्या तलावात मासे धरायचा. डायव्हरच्या अंगात सूट असला की माणूस तरंगतो, म्हणून खाली जायला कमरेला शिसं बांधावं लागतं. आम्ही सगळे सरकारी शिसं बांधायचो. मेश्राम त्याच्या जोडीला स्वतःची एक कापडी थैली बांधायचा. बापाच्या जुन्या जाळ्याचे शिशाचे मणी त्याने तिच्यात भरले होते. नवा डायव्हर आला आणि फार बोलायला लागला की मेश्राम त्याला म्हणायचा, ‘आधी शिसं बांध, मंग शानपना कर.’

पाण्याखाली बोलता येत नाही. डायव्हरच्या अंगाला एक दोरी असते आणि तिचं दुसरं टोक काठावरच्या माणसाच्या हातात. काठावरून एक झटका म्हणजे ‘ठीक आहेस का?’ खालून एक झटका म्हणजे ‘ठीक आहे.’ चार झटके म्हणजे वर ओढा. मेश्राम खाली असला की दोरी माझ्या हातात असायची. तो म्हणायचा, ‘साहेब, घरी बी अशीच एक दोरी पाहिजे. भांडणं होणार नाहीत.’

त्या पावसाळ्यात एका नदीकाठच्या वस्तीला पाण्याने वेढलं. माणसं शाळेच्या छपरावर चढून बसली होती. मधल्या पाण्यात विजेचे खांब पडले होते आणि बागांची तारेची कुंपणं बुडाली होती. बोट इंजिनवर नेली की पंख्यात तारा अडकत. एकच उपाय होता. छपरापर्यंत दोर न्यायचे आणि बोट हाताने ओढत न्यायची. एक दोर ओढायला आणि दुसरा प्रवाहात बोट आवरून धरायला.

“मेश्राम, दोर जाईल?” कॅप्टनसाहेबांनी विचारलं.

“येस सर.”

हेल्याला धरून तो तारांच्या खालून पहिला दोर घेऊन गेला आणि परत आला. हेल्याच्या मुठीजवळ बॅटरीचा काटा होता. तो हिरव्यातून पिवळ्यात उतरला होता.

“काटा पिवळ्यात आहे,” मी म्हणालो.

“पाहिला साहेब.”

“बदली बॅटरी नाही.”

“मालूम आहे. पर एका दोरावर बोट उलटंल.”

तो गेला. छपरावरच्या माणसांनी दुसरा दोर बांधल्याचं हात हलवून सांगितलं. परतीच्या वाटेवर दोरी माझ्या हातात यायची थांबली. मी एक झटका दिला. खालून एक झटका आला. थोड्या वेळाने मी पुन्हा विचारलं. उत्तर आलं नाही. ओढून पाहिली, तर दोरी जागची हलेना. मी विचारत राहिलो.

“डायव्हर नो रिस्पॉन्स. ओव्हर,” मी वायरलेसवर कॅप्टनसाहेबांना कळवलं.

“सेकंड डायव्हर डाउन. ब्रिंग हिम अप. ओव्हर.”

तो मिळाला तेव्हा कुंपणाची तार हेल्याच्या पंख्यात गुंतलेली होती. आधी बॅटरी संपली होती आणि मग प्रवाहाने त्याला कुंपणात लोटलं होतं. हेला एका क्लिपने त्याच्या पट्ट्याला जोडलेला होता. ती क्लिप एका हाताने उघडते. मेश्रामच्या हातात पक्कड होती आणि पंख्याभोवतीची तार अर्धी कापलेली होती. हवा संपेपर्यंत तो हेल्याला सोडवत राहिला, स्वतःला नाही. पलीकडे आणखी एक वस्ती वाट बघत होती आणि हेला एकच होता. शिवाय आपलं हत्यार सोडायचं नाही, हे आम्हीच पहिल्या दिवसापासून शिकवतो.

छपरावरची सगळी माणसं त्या दोन दोरांवरच्या बोटीतून काठाला आली.

आता मी धायरीत राहतो. बायको गेल्यापासून फ्लॅटमध्ये मी एकटा. सकाळी परेडच्या वेळेला जाग येते आणि परेड नसते. बाकीचा दिवस कुठे ठेवायचा हे कळत नाही. सोसायटीच्या ग्रुपवर सुप्रभात येतं, तेवढाच काय तो संपर्क. मागच्या वर्षी खडकीला पेन्शनच्या कामाला गेलो असताना भंगाराच्या एका दुकानात मला हेला दिसला. कंडम होऊन लिलावात निघाला असणार. पंख्याच्या जाळीवर तारेने पडलेली खाच होती. मी बोटाने चाचपून खात्री केली आणि त्याला टेम्पोत घालून घरी आणला.

तो मी हॉलमध्ये ठेवला. खोटं कशाला बोलू, घरात कोणीतरी आल्यासारखं वाटलं.

मेश्रामची बायको सुमनवहिनी खडकीला मुलीकडे राहते. माझी बायको गेल्यापासून ती महिन्यातून एकदा डबा घेऊन येते. माझ्याकडे येणारं माणूस म्हणजे तीच. तिने दारातूनच हेला पाहिला आणि डबा हातातच ठेवून उभी राहिली.

“हाच का, भाऊजी?”

“हाच.”

“सोडता आला असता ना जी?”

“आला असता. एका हाताने.”

ती आत आली. मग म्हणाली, “त्यायनं ज्याच्यासाठी जीव देल्ला, तो असा देव्हाऱ्यात मांडल्यावानी ठेवू नका. चालत असंल तर चालवा. नाही तर तोडा. तंवर माझ्यानं या घरात येववणार नाही.”

डबा टेबलावर ठेवून ती गेली. त्या महिन्यानंतर आली नाही.

मी हेला उघडला. जुन्या बॅटऱ्या फुगून कुजल्या होत्या. त्या काढल्या, मोटर धुतली, झाकणाच्या रबरी रिंगा बदलून ग्रीस लावलं. नव्या लिथियम बॅटरीसाठी नारायण पेठेत एका दुकानात गेलो. मालकाने माझं ऐकून घेतलं आणि चष्मा वर केला.

“म्हणजे आपण ही पाण्यात घालणार?”

“हो.”

“मुद्दाम?”

“मुद्दाम.”

“मग वॉरंटीचा विषय आपण दोघांनीही काढू नये, हे बरं.”

पण माणूस कामाचा निघाला. हेल्याच्या पोटाच्या मापाने त्याने सेल जोडून दिले. जोडीला सेलवर लक्ष ठेवणारं एक सर्किट आणि किती चार्ज उरला ते आकड्यांत दाखवणारा डिस्प्ले. ताकद जुन्या बॅटरीच्या कितीतरी पट आणि वजन निम्म्याहून कमी. मी एकट्याने हेला उचलला आणि लहान मुलासारखा खूश झालो. ही बॅटरी त्या दिवशी असती तर मेश्राम दोनदा जाऊन दोनदा परत आला असता. हा विचार मनात आला की मी उठून गॅलरीत जात असे. हात मात्र पुन्हा त्याच कामाला लागत.

धायरीत इमारतींच्या मधोमध बाळूनानांची विहीर अजून शाबूत आहे. शेत गेलं, पण विहीर त्यांनी बिल्डरला दिली नाही. तिथे मी हेला पाण्यात सोडला. तो भोपळ्यासारखा वर आला, शेपूट हवेत, आणि पंखा वाऱ्यावर फिरायला लागला.

नाना पायरीवर बसले होते. “सुभेदार,” ते म्हणाले, “पाणबुडी हाय म्हणला व्हता. ही तर व्हडी हाय.”

माझी मान खाली गेली. आयुष्यभर कमरेला शिसं बांधून पाण्यात उतरलेला माणूस मी. बॅटरी हलकी झाली या आनंदात जुन्या बॅटरीतलं शिसंच हेल्याला पाण्याखाली धरत होतं, हे विसरलो. आधी शिसं बांध, मंग शानपना कर.

शिसं बाजारात मिळतं. तरी मी वहिनीला फोन केला. खरं सांगायचं तर फोन करायला काहीतरी कारण हवं होतं.

“चालतो,” मी म्हणालो, “पण बुडत नाही. पोटात शिसं कमी पडतंय.”

पलीकडे पत्र्याची ट्रंक ओढल्याचा आवाज झाला.

“शिसं माझ्यापाशी आहे,” ती म्हणाली. “त्यायच्या ट्रंकेत. घेऊन येतो.”

ती थैली घेऊन थेट विहिरीवर आली. त्या दिवशी त्याच्या कमरेला होती तीच. मणी काळे पडले होते आणि काहींवर दातांचे ठसे होते. जाळ्यावर मणी बसवताना मेश्रामचा बाप ते दातांनी दाबत असे. आम्ही दोघं पायरीवर बसून हेल्याच्या पोटात मणी भरत गेलो. थोडे पुढे, थोडे मागे, मग पाण्यात धरून बघायचं, पुन्हा काढून भरायचं. शेवटी मी हात काढला आणि हेला कमरेइतक्या पाण्यात तसाच राहिला. वर आला नाही, खाली गेला नाही.

मी सूट घातला, टाकी लावली आणि दोरीचं टोक वहिनीच्या हातात दिलं. एक झटका म्हणजे काय, ते सांगितलं. नाना शेजारी उभे राहिले.

खाली गेलो. बटण दाबलं. हेल्याने मला ओढलं, अगदी पूर्वीसारखं, विहिरीच्या दगडी भिंतीच्या कडेकडेने. एक फेरी होते न होते तोच दोरीला झटका आला. मी उत्तर दिलं. लगेच पुन्हा आला. पुन्हा दिलं. ती विचारत राहिली. त्या दिवशी काठावरून मी विचारत राहिलो होतो, तशीच. मी एकही झटका बिनउत्तराचा जाऊ दिला नाही. मास्कमध्ये पाणी आलं होतं आणि ते विहिरीचं नव्हतं.

वर आलो तेव्हा दोरी तिच्या दोन्ही मुठींत घट्ट होती.

“वहिनी, सोडा आता. आलो मी.”

“थांबा जी.” ती पाण्याकडे बघत होती. “तुमी विचारलं तवा त्यायनं सेवटी काय सांगतलं होतं?”

इतकी वर्षं हे तिने विचारलं नव्हतं आणि मीही सांगितलं नव्हतं.

“एक झटका,” मी म्हणालो. “ठीक आहे.”

“मले बी फोनवर तेच सांगत होते,” ती म्हणाली. “सदा.”

मग तिने दोरी सोडली, आणि पुढच्या महिन्यात डबा कोणत्या भाजीचा आणू ते विचारलं.