कागदावर उघडं असलेलं शौचालय

आई मालाडच्या एका बाजारात कोकम, कुळथाचं पीठ आणि सुकट विकायला बसायची. सकाळी आठ ते दुपारी तीन. मी बारावीत असताना तिला लघवीचा त्रास सुरू झाला, ताप चढला. डॉक्टरीण बाईंनी विचारलं, "दिवसभरात पाणी किती पिता?" आई नुसती हसली. प्यायलं तर जायचं कुठे?

बाजारात बायकांचं शौचालय होतं, पण त्याला कुलूप होतं. फटीतून डोकावले तर आत सिमेंटच्या गोण्या आणि प्लास्टिकच्या खुर्च्या. देखभालीचं कंत्राट असलेल्या माणसाला विचारलं, तर म्हणाला, "बायका घाण करतात. म्हणून बंद."

कॉलेजातल्या एका मॅडमकडून माहिती अधिकाराचा अर्ज लिहायला शिकले आणि पालिकेला पाठवला. महिन्याने उत्तर आलं: 'सदर शौचालय सुरू असून नियमित वापरात आहे.' खाली सही, शिक्का. तो कागद घेऊन थेट पालिकेच्या ऑफिसात गेले. साहेबांनी मान वर न करता विचारलं, "तुझं शिक्षण काय? कायद्यातलं काय कळतं तुला?"

बाबांच्या मनात मी बँकेत लागावं असं होतं. मी बारावीनंतर लॉला प्रवेश घेतला. आई म्हणाली, "कशाक भांडतंस गो? उद्या माका बसाक देवचे नाय." तिची भीती खोटी नव्हती. शौचालय उघडा म्हणून अर्जावर सह्या मागायला गेले तेव्हा बाजारातल्या तीसेक बायकांतल्या फक्त सहाजणींनी केल्या.

लॉच्या तिसऱ्या वर्षाला होते, तेव्हा फोटो आणि तो कागद जोडून वरच्या अधिकाऱ्यांकडे तक्रार केली. सुनावणीच्या दिवशी आई मालाची पाटी शेजारणीकडे ठेवून माझ्यासोबत आली. मी कलमं सांगत होते, समोरचे अधिकारी घड्याळाकडे बघत होते. आई अचानक उभी राहिली.

"साहेब, सकाळी आठपासून तीनपर्यंत तुम्ही रोखून बसून दाखवा. मग बोला."

माझ्या तीन वर्षांच्या अभ्यासाने जे झालं नव्हतं, ते त्या एका वाक्याने झालं. पंधरा दिवसांत गोण्या हलल्या, दार उघडलं. नळाला पाणी यायला मात्र आणखी एक तक्रार लागली.

आता मी वकील आहे. बोरीवलीपासून अंधेरीपर्यंतच्या बाजारांतल्या बायका फोन करतात. लोक कौतुक करतात, "केवढं मोठं काम केलंस!" मला ते ऐकून संताप येतो. एक कुलूप काढायला वकील व्हावं लागतं, यात कौतुक कसलं? आणि आईच्या किडनीला जी इजा झाली ती कायमची. त्या खोट्या उत्तरावर सही करणाऱ्याला आजपर्यंत कुणी जाब विचारलेला नाही. मी दोनदा लेखी विचारलं. दोन्ही वेळा एकच उत्तर आलं: 'प्रकरण निकाली काढण्यात आले आहे.'

तिसरा अर्ज मी काल दिला.