दोरीवरचे लंगोट मोजणारी हिरामावशी

मावळातल्या औंढ्यात अशी बोलवा होती की हिरामावशीची नजर लागते, आणि तीही साधीसुधी नाही, मोजून लागते. तिनं एखाद्या अंगणातल्या दोरीवरचे लंगोट मोजले, की तिसऱ्या दिवशी त्या घरचं पोर दवाखान्यात गेलंच म्हणून समजा. खालच्या आळीतल्या एकीनं तर शपथेवर सांगितलं होतं, की मोजताना मावशी ओठ हलवते, म्हणजे मंत्र म्हणते.

मंत्र कसला! मावशी शाळेत गेली तिसरीपर्यंत. मनातल्या मनात मोजायला तिला जमत नाही, एवढंच. आणि पोर दवाखान्यात जायचं ते मावशीच्या नजरेनं नव्हे, मावशीच्या तोंडानं. दोरीवर कालच्यापेक्षा लंगोट कमी दिसले की ती सरळ घरात घुसायची आणि त्या पोराच्या आईला दवाखान्यात पिटाळल्याशिवाय बाहेर यायची नाही. कोंबडं आरवतं म्हणून उजाडत नाही, उजाडतं म्हणून कोंबडं आरवतं. पण हे आळीला कोण सांगणार? आळीच्या मते कोंबडंच वाईट.

गावात सध्या दोन मोजण्या जोरात चालतात. एक बंगलेवाल्यांच्या प्लॉटची, तिला सरकारी माणूस लागतो, खुणेचे दगड लागतात आणि शेवटी भांडण लागतं. दुसरी हिरामावशीची, तिला नुसती दोरी पुरते. भांडण मात्र हिच्यातही ठरलेलं. मावशी अंगानं काडी आणि आवाजानं पोलीसगाडी. "पोर शेवटचं मुतलं कवा?" हा प्रश्न ती, चहा घेता का, इतक्या सहज विचारते. एकदा केरबाच्या दारातली दोरी रिकामी दिसली, तर ही हातातल्या पळीसकट धावली. पोर जावळ काढायला वराळ्याला मामाकडं गेलं होतं. सगळे हसले, तर मावशी उलट केरबाच्या सुनेवरच डाफरली, "पोर गावाला गेलं तर सांगून जावं मानसानं! हितं माझा जीव जातो!"

जीव जातो, हे मात्र ती खोटं बोलत नव्हती.

त्यामागच्या गोष्टीला बत्तीस वर्षं झाली. हिरा तेव्हा बावीस वर्षांची, वराळ्याहून औंढ्यात येऊन तिला तीन पावसाळे झालेले. पदरात आठ महिन्यांची अनिता. लावणीचे दिवस होते. मावळात त्या दिवसांत उन्हाचं नाव नसतं, म्हणून लंगोट-दुपटी घरातच वाळवायची. शेगडीवर कोंबड्या झाकायचं बांबूचं डालगं पालथं घालायचं आणि त्यावर ओले कपडे पसरायचे. हिराचं डालगं दिवसभर भरलेलं असायचं, बारा-बारा, चौदा-चौदा लंगोट. धुण्यानं तिच्या बोटांची सालं निघाली होती.

सोमवारी अनिताला जुलाब लागले. सासू सरुबाई म्हणाली, "दात येत्यात. दाताचं जुलाब ह्ये. दात फुटला की आपसूक थांबत्यात." वर आणखी सांगितलं, "पानी पाजू नगंस. वरनं घातलं तेवढं खालनं येतं." सरुबाई काही दुष्ट नव्हती. तिनं पाच पोरं वाढवली होती. दोन पुरलीही होती, पण ती मोजणीत कुणी धरत नव्हतं. बुधवारी अनिताची टाळू बसली, डोक्याच्या मधोमध बोट टेकेल एवढा खळगा पडला. सरुबाईनं तेल कोमट केलं, कापसाचा बोळा बुडवून खळग्यावर ठेवला आणि म्हणाली, "टाळू भरली की पोर उठंल." हिरा दिवसभर तो बोळा सुकू न देता तेल घालत राहिली.

गुरुवारी त्यांच्या घरची इर्जिक होती. सगळ्या आळीनं मिळून एकाच्या खाचरात राबायचं, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या. ज्याच्या घरची पाळी त्यानं जेवण घालायचं. पाळी एकदा ठरली की पुढं ढकलता येत नाही, कारण मागं बाकीच्यांच्या पाळ्या उभ्या असतात. बावीस माणसं शेतात होती. हिरा पहाटेपासून चुलीपुढं, भाकरीवर भाकरी थापत. अनिता झोळीत. पाण्याला म्हणून आलेली एक बाई झोळीत डोकावून म्हणाली, "शानी गं बाई तुजी लेक! कामाच्या दिशी हूं का चूं न्हाई."

दुपारी जेवणं उरकल्यावर हिरानं लेकीला छातीशी घेतलं. तिनं तोंडात धरलं नाही. डोळे अर्धे उघडे होते आणि बघत कुठंच नव्हते.

हिराचा नवरा निवृत्ती चिखलाच्या पायांनी तसाच धावला. खताच्या पोत्याची खोळ, तिच्यात पोर, मागं हिरा. लोणावळा काही काशी नव्हे. तासाभराच्या चालीचा दवाखाना, सोमवारीही तिथंच होता, मंगळवारीही. डॉक्टरांनी अनिताला तपासलं आणि हात काढून घेतला. मग हळूच विचारलं, "पाणी किती पाजत होता?" निवृत्तीनं खाली पाहिलं. "लघवी केव्हा केली होती शेवटची? दिवसातून किती वेळा ओलं करत होती?" हिराला याचं उत्तर ठाऊक होतं. ते तिनं तेव्हा दिलं नाही आणि पुढंही कुणाला दिलं नाही. डॉक्टरांनी त्या लहानशा डोक्यावरचा तेलाचा बोळा उचलला आणि बाजूला ठेवला. "टाळू वरून नाही भरत हो," ते म्हणाले. "पोटात पाणी गेलं की आतून भरते. कालपर्यंत जरी आणलं असतं..."

दोघं परत आली तेव्हा लावणी पुरी झाली होती. उपटलेली रोपं कुणासाठी थांबत नाहीत, हे बावीस माणसांनाही कळत होतं. खाचर या बांधापासून त्या बांधापर्यंत हिरवंगार होतं आणि माणसं बांधावर ओळीनं उभी होती. त्या वर्षी पीक चांगलं आलं. हिरानं त्या खाचरातला भात खाल्ला नाही.

पुढं दोन मुलगे झाले, वाढले, कामाला लागले. ते लहान असताना हिरा त्यांचे लंगोट मोजायची; ते मोठे झाल्यावर शेजारच्यांचे मोजू लागली. सरकारी नर्सबाई गावात यायची, तिच्या मागं मागं फिरून तिनं सगळं विचारून घेतलं. जलसंजीवनीची पुडी किती पाण्यात, पोर रडलं तर डोळ्यांत पाणी येतं का ते कसं बघायचं, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर तशीच उभी राहिली तर काय समजायचं. नर्सबाईची बदली झाली. मावशीची झाली नाही.

पण गेल्या काही वर्षांत मावशीचं खातंच बंद पडत आलं. डायपर आले. दोऱ्या रिकाम्या पडल्या. समोरच्या घरात भामाबाईची सून चैताली बाळंत होऊन पुण्याहून आली, ती डायपरचं मोठं पुडकं घेऊनच. बाळाचं नाव शिवांश. मावशीला पंधरा दिवस चैन पडेना. शेवटी एका सकाळी भामाबाईनं तिला आपल्या दारातल्या कचऱ्याच्या पिशवीत काठी घालून डायपर उलटेपालटे करताना रंगेहाथ पकडलं.

"काय गं सटवे! माझ्या नातवाच्या हगण्यावर करनी करतीस व्हय?"

"करनी न्हाई गं. जड किती हाय त्ये बघत व्हते."

"जड! तराजू आनू का? पुन्हा माझ्या पायरीवर पाय ठिवलास तर तंगडं मोडीन!"

आळीला आठवडाभर दुसरा विषय नव्हता. कुणी म्हणालं, मावशीला आता कचरागाडीवर घ्या. मावशीही हसली. हसली, पण त्या दिवसापासून समोरच्या पायरीवर गेली नाही. आपल्या ओट्यावर तांदूळ निवडत बसायची आणि कान तिकडं ठेवायची. डोळ्यांना मोजायला काही उरलं नव्हतं, म्हणून कानानं मोजायची. शिवांश सकाळी उठल्यावर एकदा, आंघोळीला एकदा, खिमट भरवताना दोनदा, असा ठरलेला रडायचा.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. शनिवारी शिवांश दोनदाच रडला. रविवारी कुकरच्या शिट्ट्या झाल्या, मोबाइलवरची गाणी झाली, बाळाचा आवाज नाही. मग भामाबाई पुढच्या पडवीतून घरात जाताना दिसली. एका हातात तेलाची वाटी, दुसऱ्या हातात कापूस.

मावशीच्या मांडीवरचं सूप खाली पडलं.

"कुटं चाललीस?" निवृत्तीनं विचारलं. "परत शिव्या खायच्यात का?"

"खाईन," मावशी म्हणाली आणि पायरी चढून आत गेली.

शिवांश चैतालीच्या मांडीवर होता. टाळूवर तेलाचा बोळा. मावशीनं तो उचलला आणि ती क्षणभर तशीच उभी राहिली. तेल तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं.

"दाताचे जुलाब आहेत मावशी," चैताली म्हणाली. "आई म्हणतात, थांबतील. परवापासून आहेत. दूधही नको म्हणतोय. पण शू होतेय ना, डायपर भरलेलाच असतो."

"कशानं भरलाय, वरनं कळतंय व्हय तुला?" मावशीनं डायपर सोडला. नुसतं पिवळं पाणी, जुलाबाचं. तिनं बाळाच्या पोटाची कातडी चिमटीत धरली आणि सोडली. कातडी तशीच उभी राहिली, मग सावकाश बसली. शिवांशनं तोंड वाकडं करून बारीक आवाज काढला. "बग पोरी. रडतोय, पन डोळ्यांत टिपूस हाय का? हात लावून बग."

चैतालीनं बोट लावलं. बोट कोरडंच राहिलं.

"मला शिकवतीस?" भामाबाई मध्ये पडली. "मी तीन पोरं वाढवलीत!"

"माझ्या सासूनं पाच वाढवली व्हती, भामे."

भामाबाईनं तेलाची वाटी खाली ठेवली. अनिताला नेलं त्या दिवशी बांधावर उभ्या असलेल्या बाविसांत तीही होती.

चैतालीचा नवरा अमृत तळेगावला कंपनीत, पहिल्या पाळीला. मावशीनं घरातली जलसंजीवनीची पुडी पाण्यात कालवून बरोबर घेतली आणि रिक्षा थांबवली. रविवार आणि पावसाळा, म्हणजे लोणावळ्याच्या रस्त्यावर सगळं पुणं आणि निम्मी मुंबई भिजायला आलेली. नाक्याच्या अलीकडं रिक्षा अडकली. चैताली एका हातानं बाळ धरून दुसऱ्या हातानं चमचा-चमचा जलसंजीवनी पाजत होती, तोंडातून निम्मी बाहेर येत होती. मावशी खाली उतरली. छत्री मिटली आणि गाड्यांच्या बॉनेटवर आपटत पुढं चालू लागली, "सरका! पोर हाय! भजी मागनं खावा, मुडद्यांनो!" एकानं तिचा व्हिडिओ काढला. पण गाडी सरकवली.

दवाखान्यात सलाईन लागलं. डॉक्टरीणबाईंनी चैतालीला समजावलं, अंगावरचं पाजणं बंद करायचं नाही, प्रत्येक जुलाबामागं जलसंजीवनी द्यायची, आणि बाळ असं मलूल झालं, प्यायचं थांबलं किंवा सहा-आठ तास लघवी झाली नाही, तर दाताची वाट बघत घरी बसायचं नाही. मग म्हणाल्या, "वेळेत आणलंत."

मावशी बाहेर बाकावर जाऊन बसली. "वेळेत," ती स्वतःशीच म्हणाली. पुन्हा म्हणाली. शेजारच्या बाईला वाटलं, म्हातारी घड्याळ विचारतेय. तिनं सांगितलं, साडेचार. संध्याकाळी चैतालीनं बाळ तिच्या मांडीवर दिलं आणि थोड्या वेळानं मावशीचं लुगडं कोमट ओलं झालं. ते तिनं घरी येऊनही लवकर बदललं नाही. निवृत्तीनं विचारलं, तर तोंड भिंतीकडं केलं.

चौथ्या दिवशी शिवांश घरी आला. चैतालीनं सासूचं जुनं सुती लुगडं फाडून लंगोट केले आणि बरं वाटेपर्यंत हेच, म्हणून पावसाची उघडीप बघून अंगणात वाळत घातले. समोरच्या ओट्याकडं बघून हाक मारली, "मावशी, मोजता ना?"

मावशी उठून दोरीजवळ आली आणि ओठ हलवत मोजू लागली. भामाबाई पायरीवर बसली होती. आभार मानायची तिला सवय नव्हती, म्हणून तिनं टोमणाच मारला, "हिरे, इतकी वर्सं दुसऱ्यांच्या पोरांचं लंगोट मोजतीस. कटाळा कसा गं येत न्हाई तुला?"

मावशीनं नवव्या लंगोटावर हात ठेवला आणि दोरीकडं बघतच म्हणाली, "त्या दिशी माझ्या अनिताचा एकच लंगोट व्हता डालग्यावर. मी बगितला व्हता, भामे. आन मनात म्हनलं, बरं झालं बाई, इर्जिकीच्या दिशी धुनं कमी पडलं."