सांबरशिंगाचा पंचनामा

आमच्या घरात सांबरशिंगाचा एक तुकडा होता. आमच्या लग्नात बायकोच्या आईने दिलेल्या सामानात सहाणेबरोबर तो आला. पडघ्याच्या पलीकडे तिचं गाव, तिथे बऱ्याच घरांत असा तुकडा असायचा. बरगडी दुखली, कंबर धरली की तो सहाणेवर उगाळायचा आणि कोमट लेप लावायचा. त्याने खरंच बरं वाटतं का, ते मी कधी तपासलं नाही. पण भिवंडीत टेमघरला आमच्या इमारतीत सोळा घरं आहेत आणि त्यातल्या निदान सात घरांनी तो कधी ना कधी मागून नेला आहे. असा तुकडा घरात ठेवणं गुन्हा आहे हे त्यांतल्या कुणाला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याला ते कुठून तरी कळलं. आमच्या मोरीतून त्याच्या छतावर ओल उतरते असं त्याचं म्हणणं होतं. मी दोनदा मोरी फोडून घेतली. तिसऱ्यांदा नकार दिला, कारण पाणी गच्चीच्या पाइपातून येत होतं आणि पाइपात रंग सोडून मी ते सगळ्यांसमोर दाखवून दिलं होतं. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही आणि मलाही त्याच्याशी बोलायचं नाही. त्याच्या बायकोची कंबर धरली होती तेव्हा मात्र आमचा तुकडा अकरा दिवस त्यांच्याकडे होता.

एका रविवारी सकाळी साडेनऊला बेल वाजली. दारात पोलीस होता, पन्नाशी उलटलेला, एकटाच.

"आत बसून बोलू का?"

"इथेच बोला."

"तुमच्याकडे सांबराचं शिंग आहे म्हणून खबर आली. खालूनच आली, नाव घेत नाही. असलं काही असेल तर घरात ठेवू नका. खाडीत टाकून या. मी लिहितो, काही मिळालं नाही."

हा माणूस आता पैशांसाठी हात पुढे करणार, असं मी धरून चाललो.

माझी बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. नोकरीची सव्वीस वर्षं झाली, सहा राहिली. तिच्या नावावर गुन्हा लागला तर खात्याची चौकशी, आणि अठ्ठेचाळीस तास कोठडीत काढावे लागले तर निलंबन. हे मला दारात उभं असतानाच दिसत होतं. म्हणूनच पोलिसाच्या मेहरबानीवर राहायचं नाही, कायद्याने जायचं, असं मी ठरवलं.

"झडती घेणार आहात का?"

"बघायला तर लागेल."

"कुठल्या कायद्याखाली?"

"वन्यजीव."

"थांबा," म्हणून मी दार लोटून घेतलं. मोबाइलवर कायदा काढला, पन्नासावं कलम शोधलं, त्यातलं पोलिसांबद्दलचं वाक्य दोनदा वाचलं. चौदा मिनिटं लागली. तेवढा वेळ तो जिन्यात उभा होता. मग दार उघडून मी त्याच्या खांद्याकडे पाहिलं.

"चांदणी एकच आहे."

"मग?"

"म्हणजे तुम्ही सहायक उपनिरीक्षक. या कायद्यात पोलिसाने झडती घ्यायची तर तो उपनिरीक्षकाच्या खालचा चालत नाही. दोन चांदण्या लागतात. तुम्हाला या घरात पाऊल टाकता येणार नाही."

त्याने स्वतःच्या खांद्यावर नजर टाकली. "तीस वर्षं वर्दी घालतोय. चांदण्या कुणी मोजल्या नव्हत्या."

"मोजायला हव्या होत्या."

"साहेब, तुम्ही करता काय?"

"कशेळीला गोदामात अकाउंट्स बघतो."

"वाटलंच." त्याने खिशातून फोन काढला. "तुम्हाला कायद्यानेच पाहिजे ना, मग कायद्यानेच होऊ दे." आणि माझ्यासमोरच फोनवर बोलला, "मॅडम, ड्युटीवर आहात ना? टेमघरला या जरा. घरात शिंग आहे. नाही, मला चालत नाही म्हणे. एक चांदणी कमी पडते."

मग तो खाली गेला. शेजाऱ्याने त्याला प्लास्टिकची खुर्ची आणून दिली, पाठोपाठ चहाही.

बायकोने स्वयंपाकघरातून सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, "अजून वेळ आहे. पिशवीत घालते आणि मागच्या बाजूने भाजीला जाते."

"पुरावा नष्ट करणं हा वेगळा गुन्हा आहे. एकाचे दोन होतील."

"म्हणजे दोन होऊ नयेत म्हणून एक होऊ द्यायचा?"

मी म्हणालो, होणार नाही. वरचा अधिकारी येईल, त्याच्याशी नीट बोलता येईल, मुळात तक्रार सुडाने केलेली आहे हे त्याला पटवता येईल. ती परातीकडे वळली. कणीक मळत राहिली.

एक तास पन्नास मिनिटांनी स्कूटीवरून एक बाई आली. तिशीच्या आतली, खाकी शर्ट, खांदे कोरे. ते कोरे खांदे बघून मला धीर आला.

"तुमचा हुद्दा?" मी दारात विचारलं.

"वनरक्षक."

"म्हणजे खात्यात सगळ्यांत खालचा."

"हां. माझ्या खाली झाडंच."

"मग तुम्हालाही—"

"पोलिसाला रँकची अट हाय. आम्हाला न्हाय," ती म्हणाली. "तुमच्याच मोबाइलात हाय ते. पोलिसाच्या आधी काय लिवलंय वाचा की. कोणताही वन अधिकारी. त्यात मी बी येते."

मी वाचलं. तसंच होतं. मला हवं होतं ते वाक्य मी दोनदा वाचलं होतं आणि त्याच्या आधीचे शब्द सोडून दिले होते. मागे जिन्यात पोलीस उभा होता. "साहेब, यांचे खांदे मोजून झाले का?" त्याने विचारलं. मी बाजूला झालो.

तुकडा शोधावा लागला नाही. ओट्यावर सहाणेशेजारीच होता. ती डायनिंग टेबलावर कागद पसरून लिहायला बसली. लांबी चार इंच, एक टोक झिजलेलं, वजन अंदाजे शंभर ग्रॅम.

"अंदाजे कशाला?" मी म्हणालो आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा आणून दिला. शहाऐंशी ग्रॅम भरलं. तिने आधीचा आकडा खोडून नवा लिहिला. "असा माणूस पयल्यांदाच बघते," ती पोलिसाला म्हणाली. बायको माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेला नजर द्यायची मला हिंमत झाली नाही.

पंच म्हणून सही करायला दोन माणसं हवी होती. शेजारी न बोलावता वर आला. मी हरकत घेतली, म्हणालो, यानेच खबर दिली आहे, हा पंच चालणार नाही.

"मी कशाला देऊ खबर?" तो म्हणाला. "मला काय माहीत कुणाच्या घरात काय आहे."

"भाऊजी," बायको म्हणाली, "वहिनींची कंबर आता बरी आहे ना? अकरा दिवस उगाळत होत्या, म्हणून विचारलं."

वनरक्षक बाईचं पेन थांबलं. "तुमच्या घरात बी होतं का हे?"

"काय बोलताय, आमच्याकडे असलं काही नसतं," असं म्हणत तो दोन पायऱ्या एकदम उतरत खाली गेला. पोलिसाने रिक्षा स्टँडवरून दोघांना बोलावून आणलं.

"आता सांगा. हे कुणाचं?" वनरक्षक बाईने विचारलं.

"माझं," मी म्हणालो. हे खोटं होतं.

"कुठनं आणलं?"

"विकत घेतलं."

"कुठं?"

"पडघ्याला. नाही, इथेच, भिवंडीत. बाजारात."

"केवढ्याला?"

मला आकडा सुचेना. कुठलाही आकडा सांगून चाललं असतं, पण एकही तोंडातून निघेना. तिने पेन कागदावर टेकवलं. मग म्हणाली, "विकत घेतलं म्हंजे धंदा आला. इकणारा कोण, ते बी शोधावं लागंल. लिवू का तसं?"

बायको पदराला हात पुसत बाहेर आली. "खोडा ते. ते माझं आहे. माझ्या आईने दिलंय." आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "माझ्या आईची वस्तू तुम्ही बाजारातली करून टाकलीत."

"बाई, तुम्ही नोकरी करता का?" वनरक्षक बाईने विचारलं.

"जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते."

तिने पोलिसाकडे बघितलं. पोलीस भिंतीकडे बघत होता. "परत एकदा इचार करा," ती हळू आवाजात म्हणाली.

"केला. लिहा."

तिने लिहिलं. पूर्ण नाव, वय, पत्ता, धंद्याच्या जागी शिक्षिका. बायकोने सही केली, दोन रिक्षावाल्यांनी केली. तुकडा कापडी पिशवीत गेला, पिशवीला लाख लागली. अटक केली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी जबाबाला हजर राहायची नोटीस हातात दिली. गुन्हा मात्र नोंदला गेला, बायकोच्या नावावर.

जाताना पोलीस दारात थांबला. "मी खाडी म्हटलं होतं," तो म्हणाला. त्याने हात पुढे केला नव्हता. केला असता की नाही, ते मला आता कधीच कळणार नाही. त्याला तो करायला मी वेळच दिला नाही.

मुख्याध्यापकांना कळवणं भाग होतं. रात्री जेवणं झाल्यावर मी मसुदा लिहायला घेतला. दीड पान झालं. शेजाऱ्याशी वाद, ओलीचं खरं कारण, तक्रारीमागचा हेतू, पोलिसाला नसलेला अधिकार, सगळं क्रमाने आणि कलमासह लिहिलं. सकाळी तिने ते उभ्यानेच वाचलं.

"यात मी कुठे आहे?" तिने विचारलं.

"शेवटच्या परिच्छेदात."

तिने कागद टेबलावर ठेवला. वहीतलं रेघांचं एक पान फाडलं आणि दोन ओळी लिहिल्या. माझ्या घरातून सांबरशिंगाचा तुकडा जप्त झाला असून वनखात्याने माझ्यावर गुन्हा नोंदवला आहे. तुकडा माझा होता. खाली सही केली आणि पान घडी घालून पर्समध्ये ठेवलं.

मी शर्ट चढवत होतो. म्हणालो, मी येतो बरोबर, दुपारी तिकडूनच जबाबाला जाऊ.

"नको."

"पोचपावती घे त्याची."

"तेवढं कळतं मला," ती म्हणाली, आणि जिना उतरून गेली.